स्विंडनच्या कौन्सिलचा निकाल डिचोलीत बसून कसा वाचायचा

मे महिन्यातला पहिला गुरुवार आला की आमच्या गोव्यातल्या वाड्यावर दोन-तीन घरांत तरी रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, कारण मुलं तिकडे इंग्लंडात आहेत, कोण स्विंडनला, कोण साउथहॉलला, कोण वेंबलीला, आणि त्या दिवशी तिकडे लोकल कौन्सिलचं, म्हणजे आपल्या पालिकेसारखं, मतदान असतं. मग शुक्रवारी सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, स्क्रीनशॉट, "आपला माणूस आला", "आपला माणूस पडला", आणि त्यातलं निम्मं चुकीचं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, पंचायत आणि विधानसभेच्या इलेक्शन ड्युट्या बऱ्याच केल्यात, मतमोजणीच्या टेबलावर बसलेय, त्यामुळे मला वाटायचं की निकालाचा कागद काय, कुठल्याही देशाचा असो, आपण वाचू शकतो. नाही वाचता येत. आणि ते मला एका सकाळी नीट कळलं.

शेजारच्या काकींचा भाचा तिकडच्या एका बरोत, म्हणजे एका कौन्सिलच्या हद्दीत, उभा होता. सकाळी सहाच्या सुमारास काकी फोन हातात घेऊन आल्या, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू पण वाजला नव्हता अजून, म्हणाल्या बाय, जरा बघून सांग गे काय झालं ते. फोनवर एका कागदाचा फोटो होता, त्यावर आठ नावं, पुढे पक्ष, पुढे मतांचा आकडा. मी वरून खाली बघत गेले, भाच्याचं नाव सातवं, म्हटलं काकी, नाही आला हो, सातवा आहे. काकी काही बोलल्या नाहीत, फोन घेतला आणि गेल्या. अर्ध्या तासाने तिकडून त्यांना बहिणीचा फोन आला, मुलगा निवडून आलाय. तो अर्धा तास त्या माउलीने कसा काढला असेल ते मला अजून आठवतं, म्हणून हे सगळं लिहितेय, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या काकीला असं चुकीचं कुणी सांगू नये.

चूक काय झाली? तिकडे मतपत्रिकेवर आणि बहुतेक वेळा निकालाच्या कागदावरसुद्धा उमेदवारांची नावं आडनावाच्या एबीसीडीप्रमाणे लावतात, मतांप्रमाणे नाही. भाच्याचं आडनाव एसने सुरू होणारं, म्हणून तो खाली. वरचा उमेदवार पहिला आलाय म्हणून वर नसतो, त्याचं आडनाव ए नाहीतर बीने सुरू होतं म्हणून वर असतो. त्यामुळे कागद हातात आला की नावाचा नंबर बघायचाच नाही, थेट मतांच्या रकान्यात जायचं आणि नावाच्या शेजारी "इलेक्टेड" असं लिहिलंय का ते शोधायचं. बऱ्याच कौन्सिल हा शब्द नावापुढे लिहितात, काही ठिकाणी नुसती फुली नाहीतर ठळक अक्षर असतं. आडनाव आधी आणि पाळण्यातलं नाव नंतर लिहिलेलं असतं हेही लक्षात ठेवा, आमच्याकडे एकाच आडनावाचे दहा जण असतात त्यामुळे नुसतं आडनाव बघून ओरडायचं नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची, निकाल बघायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, या वॉर्डात या वेळी जागा किती होत्या? कोण जिंकलं हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे पंचायतीला एक वॉर्ड एक पंच, पालिकेला एक वॉर्ड एक नगरसेवक, ही सवय आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलीये की आपण तिकडचा कागदही तसाच वाचतो. तिकडे एका वॉर्डात एक, दोन किंवा तीन कौन्सिलर असतात. आणि तिन्ही जागांसाठी एकदम मतदान असेल तर प्रत्येक मतदाराला तीन मतं, मतपत्रिकेवर लिहिलेलंच असतं की जास्तीत जास्त तीन उमेदवारांना मत द्या. तो तीन फुल्या मारू शकतो, दोन मारू शकतो, एकच मारून पण पेटीत टाकू शकतो, पण एकाच माणसाला दोन फुल्या नाही चालत. मग मोजणीत सगळ्यात जास्त मतांचे पहिले तीन जण निवडून आले, विषय संपला. अर्धी मतं मिळायला हवीत वगैरे काही नाही, आपल्यासारखंच, ज्याला जास्त तो आला.

एक उदाहरण घेऊन बघू, आकडे मी समजवायला बनवलेत, खरा वॉर्ड नाही. समजा वॉर्डात ९,००० मतदार, तीन जागा, मतदान ३६ टक्के, म्हणजे पेटीत ३,२४० मतपत्रिका पडल्या. लाल पक्षाचे, म्हणजे लेबर समजा, तीन उमेदवार, त्यांना १,४१२, १,३६५ आणि १,२२०. निळ्या पक्षाचे, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह समजा, तीन, त्यांना १,२९०, १,२०४ आणि १,१५१. एक अपक्ष ९८० वर, आणि ग्रीनचा एक ४०२ वर. कोण आलं? लालचे पहिले दोघे आणि निळ्याचा पहिला. लालचा तिसरा १,२२० मतं घेऊन पडला, तो निळ्याच्या पहिल्यापेक्षा फक्त ७० मतांनी मागे. आता बघा, एकाच वॉर्डात दोन पक्ष जिंकले, म्हणजे "आमच्या वॉर्डात लेबर आलं" हे पण खरं आणि "कन्झर्व्हेटिव्ह आलं" हे पण खरं, आणि दोन नातेवाइकांनी दोन वेगळे मेसेज पाठवले म्हणून कुणी खोटं बोलत नाहीये.

आता याच आकड्यांची बेरीज करा. ९,०२४ होते. आणि मतपत्रिका किती? ३,२४०. आमच्या ग्रुपवर एकदा अशाच एका कागदावरून जो गोंधळ झाला होता तो सांगते, एकाने बेरीज केली आणि लिहिलं की मतदान केलं तीन हजारांनी आणि मतं नऊ हजार, हे तर सरळ सरळ बोगस व्होटिंग, तिकडे पण असंच चालतं. आणि ते पुढे पन्नास ग्रुपवर गेलं. पण त्यात बोगस काही नव्हतं, माणशी तीन मतं, ३,२४० गुणिले ३ म्हणजे ९,७२० पर्यंत मतं पडू शकतात, काहींनी एकच दोन फुल्या मारल्या, काही मतपत्रिका बाद झाल्या, म्हणून ९,०२४. म्हणून तीन जागांच्या वॉर्डात मतांची बेरीज करून टक्के काढायला जाऊ नका, "याला ४१ टक्के मिळाले" असलं काहीतरी काढलेलं दिसेल, ते कसं काढलंय हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. बघायचंच असेल तर टर्नआउट, म्हणजे किती टक्के मतदान झालं ते, बघा, तो मतपत्रिकांवरून काढतात, मतांवरून नाही.

टर्नआउटचा आकडा बघून आपल्या लोकांना पहिल्यांदा धक्का बसतो. गोव्यात ऑगस्ट २०२२ च्या पंचायत निवडणुकीत ७५ टक्क्यांच्या वर मतदान झालं, आमच्याकडे तर आजारी माणसाला खुर्चीत बसवून बूथवर आणतात. तिकडे कौन्सिलच्या निवडणुकीला तीसेक टक्के, पस्तीस टक्के, हे नेहमीचं. त्यामुळे ३३ टक्के दिसले की निवडणूक फेल गेली असं समजायचं नाही, पण एक गोष्ट मात्र कळते, की इतक्या कमी मतदानात शंभर-दीडशे मतं इकडची तिकडे झाली की कौन्सिलर बदलतो, म्हणजे एका रस्त्यावरची वीस-पंचवीस गोवेकर घरं ठरवून बाहेर पडली तर फरक पडतो. याच्यावर मी शेवटी परत येणार आहे.

कागदाच्या खाली "रिजेक्टेड" म्हणून एक छोटा तक्ता असतो, तो बहुतेक जण बघतच नाहीत. त्यात चार कारणं असतात साधारण, मतपत्रिकेवर अधिकृत खूण नाही, जितकी मतं द्यायची त्यापेक्षा जास्त फुल्या मारल्या, मतदार ओळखता येईल असं काहीतरी लिहिलं, आणि चौथं म्हणजे कोरी सोडली किंवा नक्की कुणाला मत दिलंय ते कळत नाही. तिकडे शिक्का नसतो, मशीनही नसतं, दोरीला बांधलेली छोटी पेन्सिल असते आणि फुली मारायची. कॉलेजमधून नुकत्या गेलेल्या आपल्या मुलांना हे सांगून ठेवा की सही करू नका, नाव लिहू नका, फक्त फुली. आणि नोटाचं बटण तिकडे नाहीच, कुणी नको असेल तर लोक कोरी टाकतात आणि ती या बाद मतांतच मोजली जाते.

वेळेचं पण सांगून टाकते, कारण दरवर्षी कुणीतरी रात्री दहाला निकाल शोधत बसतं. मतदान तिकडच्या सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. मे महिन्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिकडे मतदान संपतं तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची पहाट, अडीच वाजलेले. त्यानंतर काही कौन्सिल रातोरात मोजतात, काही शुक्रवारी दिवसा, काही शनिवारी. रातोरात मोजणाऱ्यांचे पहिले वॉर्ड आपल्याकडे पहाटे पाच-सहापासून यायला लागतात, दिवसा मोजणाऱ्यांचं सकाळी दहाला सुरू झालं तरी आपल्याकडे दुपारचे अडीच. म्हणून आधी त्या कौन्सिलच्या वेबसाइटवर मोजणी कधी ते बघून ठेवा आणि मग झोपा. आणि एखादा वॉर्ड उशिरा आला म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असं नसतं, मतांत फरक कमी असेल तर उमेदवार परत मोजा म्हणतो, रिटर्निंग ऑफिसरला पटलं तर परत मोजतात. अगदी सारखी मतं पडली तर चिठ्ठी काढतात, तिथल्या तिथे. पंचायतीला आपल्याकडे पण असंच होतं, त्यामुळे हे ऐकून मला उगीच आपलेपणा वाटला.

आता वॉर्डावरून पूर्ण कौन्सिलवर या, इथे खरी गडबड होते. सगळ्या बरोत सगळ्या जागांची निवडणूक एकदम होत नाही. लंडनच्या ३२ बरोत चार वर्षांनी एकदा सगळ्या जागा एकदम, २०१८ ला झाली, मग २०२२ ला. पण बाहेर बऱ्याच ठिकाणी तिसरा हिस्सा पद्धत आहे, दरवर्षी एकतृतीयांश कौन्सिलर निवडायचे, असं तीन वर्षं, आणि चौथ्या वर्षी सुट्टी. स्विंडन २०२४ पर्यंत अशाच पद्धतीने चालत आलं, तेव्हा २० वॉर्ड आणि ५७ कौन्सिलर होते. ५७ पैकी बहुमत म्हणजे २९. पण एका वर्षी निवडणूक साधारण १९ जागांची, बाकीचे अडतीसेक जण आपापल्या खुर्चीत बसलेलेच असतात, त्यांना लोकांनी आदल्या वर्षी नाहीतर त्याच्या आदल्या वर्षी निवडलेलं असतं. म्हणून एखाद्या पक्षाने त्या रात्री १९ पैकी ११ जिंकल्या तरी कौन्सिल त्यांची झाली असं नाही, जुने किती ते मिळवून २९ होतात का ते बघायचं. निकालाच्या पानावर दोन वेगळे आकडे असतात, एक या वेळी जिंकलेले, आणि दुसरा आता एकूण किती झाले. फॉरवर्ड करताना लोक पहिला घेतात, सत्ता ठरते दुसऱ्यावर.

तीन वर्षं एकेक हिस्सा बदलत जातो म्हणून सत्ता पण हळूहळू सरकते. ४ मे २०२३ ला स्विंडनमध्ये लेबरने कौन्सिल घेतली, साधारण वीस वर्षांनी, आणि पुढच्या वर्षी २ मे २०२४ ला त्यांच्या जागा आणखी वाढल्या. नुसता २०२४ चा कागद हातात घेतला असता तर ही गोष्ट कळलीच नसती.

आणि तुलना कोणत्या वर्षाशी करायची? कौन्सिलरची मुदत चार वर्षं, त्यामुळे २०२३ च्या जागांची तुलना २०१९ शी. हा नियम लक्षात ठेवला की झालं असं मला वाटायचं, पण कोविडमुळे मे २०२० च्या निवडणुका झाल्याच नाहीत, त्या ६ मे २०२१ ला घेतल्या, आणि त्या जागांची मुदत मात्र २०२४ लाच संपली, म्हणून २०२४ ची तुलना तीन वर्षं मागे, २०२१ शी करायची. मध्येच वॉर्डांच्या हद्दी बदलल्या असतील तर जुन्याशी तुलना करूच नका, आमच्याकडे पंचायतीचे वॉर्ड बदलले की अर्धा वाडा दुसरीकडे जातो आणि मग मागच्या वेळी कोण किती मतांनी आलं होतं याला काही अर्थ उरत नाही, तसंच.

टीव्हीच्या पट्टीवर येणारे शब्द पण समजून घ्या. "होल्ड" म्हणजे ज्यांच्याकडे होतं त्यांनीच राखलं. "गेन" म्हणजे दुसऱ्याकडून हिसकावून घेतलं, पुढे कुणाकडून तेही लिहिलेलं असतं. जागांपुढे अधिक तीन, उणे पाच असे आकडे असतात, ते दोन ठिकाणी वेगळे दिसले तर घाबरू नका, कारण एक जण मागच्या निवडणुकीशी तुलना करतो आणि दुसरा मतदानाच्या आदल्या दिवशी जी स्थिती होती तिच्याशी, मधल्या काळात कुणी पक्ष बदललेला असतो, कुणी वारलेला असतो आणि पोटनिवडणूक झालेली असते. कौन्सिलरने पक्ष बदलला म्हणून तिकडे जागा जात नाही, तो मुदत संपेपर्यंत राहतो. मग येतं एनओसी. आपल्याकडे एनओसी म्हटलं की पंचायतीची ना हरकत, घर बांधायचं, दुकान टाकायचं, पाण्याचं कनेक्शन. तिकडे निकालात एनओसी दिसलं तर त्याचा अर्थ "नो ओव्हरऑल कंट्रोल", कुणालाच बहुमत नाही. मग दोन पक्ष मिळून चालवतात किंवा एक पक्ष अल्पमतात राहून दर वेळी दुसऱ्याला पटवून पुढे जातो. एका म्हाताऱ्या मामांनी मला खरंच विचारलं होतं की निवडणुकीसाठी ना हरकत कशाला लागते, आणि त्यांचा प्रश्न बरोबरच होता, शब्द तोच, अर्थ दुसरा.

पक्षांच्या नावातही फसायला होतं. कागदावर "लेबर अँड को-ऑपरेटिव्ह पार्टी" असं लिहिलेलं असलं तरी तो लेबरमध्येच मोजायचा. "लोकल कन्झर्व्हेटिव्ह्ज" असं असेल तर तो कन्झर्व्हेटिव्हच. पण "रेसिडेंट्स असोसिएशन" वेगळी, ते स्थानिक लोकांचे गट, आणि त्यांना कमी समजू नका, एप्सम अँड यूएल नावाच्या बरोत १९३७ पासून रेसिडेंट्सच सत्तेत आहेत, मोठ्या पक्षांना तिथे सत्ता घेताच आली नाही. आणि २०२२ मध्ये लंडनच्या टॉवर हॅमलेट्समध्ये अस्पायर नावाच्या स्थानिक पक्षाने ४५ पैकी २४ जागा घेऊन लेबरला बाजूला केलं. आमच्या पंचायतीत पक्षाची चिन्हं नसतात, पॅनलं असतात, म्हणून मला हे वाचायला सोपं गेलं, आपण म्हणतो ना हा अमक्याच्या पॅनलचा, तसं तिकडे प्रत्येक बरोत आधी स्थानिक गट कुठला ते विचारायचं, मगच दिल्लीसारखं लंडनचं राजकारण त्यावर चिकटवायचं.

बरो या शब्दावरून कौन्सिलकडे काय काय काम आहे ते कळत नाही, हे पण माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लंडनबाहेर बरो हा सनदेवरून आलेला मान आहे. स्विंडन ही युनिटरी, म्हणजे कचरा, रस्ते, शाळांचे प्रवेश, म्हाताऱ्यांची आणि मुलांची देखभाल, लायब्ररी, बांधकामाची परवानगी सगळं एकाच कौन्सिलकडे. पण दोन पायऱ्यांच्या भागात बरो कौन्सिलकडे कचरा, घरं, बांधकामाची परवानगी, आणि रस्ते, शाळा, वृद्धांची देखभाल वरच्या काउंटीकडे. तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला की आमच्याकडे रस्त्यात खड्डे आहेत म्हणून या बरोवाल्यांना पाडलं, तर आधी विचारा खड्डे कुणाच्या खात्यात येतात. आणि त्याच पानावर खाली पॅरिश कौन्सिलचे निकाल पण असू शकतात, स्विंडनच्या हद्दीतही पॅरिश आहेत, त्या आपल्या ग्रामपंचायतीला जवळच्या, छोट्या, बागा, स्मशानं, रस्त्याकडेचं गवत असली कामं. एकाच वॉर्डाचं नाव दोन्हीकडे दिसतं, एकच माणूस दोन्हीकडे उभा असतो, म्हणून पानाच्या अगदी वर बरो लिहिलंय की पॅरिश ते बघितल्याशिवाय खाली जाऊ नका.

निकालानंतर लगेच "आता मेयर कोण" हा प्रश्न येतो. बहुतेक बरोंत मेयर हा मानाचा, साखळी घालून कार्यक्रमांना जाणारा, दरवर्षी बदलतो. खरा कारभार लीडरकडे, आणि लीडरला कौन्सिलर निवडतात, लोक नाही. आपला सरपंच कसा पंचांनी निवडायचा असतो तसंच. ही निवड साधारण मेमध्येच होणाऱ्या वार्षिक सभेत होते, म्हणून मोजणीच्या रात्री लीडर कोण याचं उत्तर नक्की मिळत नाही, थांबायला लागतं. काही ठिकाणी मात्र मेयर थेट लोक निवडतात, लंडनमध्ये हॅकनी, लुइशम, न्यूहॅम, टॉवर हॅमलेट्स आणि क्रॉयडन, तिथे मेयरचा निकाल वेगळा कागद असतो आणि सत्ता त्याच्याकडे असते.

अजून एक छोटी गोष्ट, काकींनी त्या दिवशी संध्याकाळी विचारली होती, बाकीच्यांची डिपॉझिटं वाचली का. कौन्सिलच्या निवडणुकीला तिकडे डिपॉझिटच नसतं. पार्लमेंटला असतं, ५०० पाउंड, पाच टक्के मतं नाही मिळाली तर जातं. कौन्सिलला १२ मतं पडली तरी खिशातलं काही जात नाही, त्यामुळे आपल्या मुलांना पैशांची भीती वाटून उभं राहायचं टाळायचं कारण नाही.

हे सगळं वाचता आलं की मग खरा प्रश्न समोर येतो, की आपल्या माणसाने तिकडे मत दिलं का? कारण मी ज्या-ज्या घरी विचारलं तिथे निकाल सगळ्यांना पाहिजे असतो, पण "तू गेला होतास का मत द्यायला" म्हटलं की फोनवर शांतता. आणि कारण बहुतेक वेळा एकच, आपल्याला हक्क आहे हेच माहीत नसतं. आमच्या गावातल्या एका जोडप्याचं सांगते. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, लिस्बनला नाव लावून घेतलं, बायको इंडियन पासपोर्टवर त्याच्या मागोमाग गेली. दोघांनाही वाटत होतं की हक्क असला तर नवऱ्याला असेल, बायकोला कुठला. तर उलटं निघालं. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिकडे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलला पण मत देता येतं आणि पार्लमेंटला पण. पोर्तुगीज नागरिकाला कौन्सिलला देता येतं, पार्लमेंटला नाही. ब्रेक्झिटनंतर युरोपच्या बऱ्याच देशांच्या लोकांसाठी मे २०२४ पासून नियम कडक झाले, पण पोर्तुगालशी ब्रिटनचा वेगळा करार आहे, म्हणून पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना कौन्सिलला मत देता येतं आणि उभंही राहता येतं, मग ते तिकडे कधीही गेलेले असोत. स्विंडनसारख्या गावात आपले इतके लोक असताना ही एवढी गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्या दारातला कचरा कधी उचलायचा आणि त्यांच्या खिशातून काउन्सिल टॅक्स किती घ्यायचा हे तेच तीस-पस्तीस टक्के लोक ठरवतात जे गुरुवारी बाहेर पडतात.

बूथवर जाताना फोटो ओळखपत्र लागतं, इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून. पोर्तुगीज पासपोर्ट चालतो, इंडियन पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटो ओळखू येत असेल तर चालतो, ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. आधार कार्ड नाही चालत, परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड नाही चालत. काहीच नसेल तर व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट म्हणून एक फुकट कागद मिळतो, पण तो आधी अर्ज करून घ्यावा लागतो, आदल्या दिवशी संध्याकाळी नाही मिळत.

आणि नाव यादीत आपोआप येत नाही. काउन्सिल टॅक्स भरतो म्हणजे नाव असणारच असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, वेगळी नोंदणी करायची, घर बदललं की परत करायची, आणि मतदानाच्या १२ कामाचे दिवस आधी ती बंद होते, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यात. भाड्याच्या खोल्यांत राहणारी आपली मुलं वर्षाला दोनदा पत्ता बदलतात, त्यांचं नाव हमखास राहतं. तेव्हा पाडव्याला फोन करताना विषय काढाच, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ घेऊन बस म्हणावं, सरकारी वेबसाइटवर पाच मिनिटांचं काम आहे, आणि झालं की स्क्रीनशॉट पाठव म्हणावं. काकी आता भाच्याला सोडून बाकीच्या तिघा पुतण्यांना दर एप्रिलमध्ये हेच विचारतात, आणि स्क्रीनशॉट आला की मला आणून दाखवतात.